भार उतरवणारे हात



आजच्या अभ्यासलेखाची सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे. काही महिन्यांपूर्वी आपल्या धर्मग्रामातल्या एका तरुणाच्या स्थळाची चौकशी करण्यासाठी एक कुटुंब धर्मगुरुनिवासात आले. मुलगा कसा आहे, व्यसन आहे का, मिस्साला येतो का, असे नेहमीचे प्रश्न झाले. मग मुलीच्या वडिलांनी विचारले, "फादर, मुलगा नेमके काय करतो?" मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "लॉजिस्टिक्समध्ये आहे." पाहुण्यांचे समाधान झाले. चहा घेऊन ते निघून गेले.

पुढच्या रविवारी तो तरुण मला भेटायला आला. त्याच्या कानावर सगळे गेले होते. तो रागावलेला नव्हता. त्याने फक्त एवढेच विचारले, "फादर, मी गोदामात गाडी उतरवतो. हमाली करतो. तुम्ही तसे का नाही सांगितले?"

मला उत्तर देता आले नाही. सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, श्रमप्रतिष्ठेवर कितीतरी प्रवचने दिली, पण वेळ आली तेव्हा 'हमाल' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तो का निघाला नाही, याचा शोध म्हणजेच आजचा हा धडा. त्या तरुणाची परवानगी घेऊनच मी हे लिहीत आहे.

१. हे काम नेमके काय असते?

वसईहून चिंचोटी, कामणमार्गे अंजूरफाट्याकडे गेलेल्या प्रत्येकाने भिवंडीची गोदामे पाहिली आहेत. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ ही एके काळची भातशेतीची गावे. तिथे गोदामे का आली, त्याला कारण आहे. मुंबईच्या हद्दीत माल नेला की जकात भरावी लागे. म्हणून व्यापारी हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जागेत माल साठवत आणि लागेल तसा आत नेत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली, पण गोदामे कमी झाली नाहीत, उलट वाढली. एका मोठ्या गोदामातून अनेक शहरांना माल पाठवणे आता सोपे झाले होते. त्यात घरबसल्या वस्तू मागवण्याची सवय आपल्या सर्वांना लागली.

त्या तरुणाच्या मुकादमाची परवानगी घेऊन मी एक दिवस तिथे जाऊन उभा राहिलो. कंटेनर मागे घेत घेत डॉकला लागतो. चाकांखाली अडण लावतात, सील तोडतात, दाराची एकच फळी आधी जपून उघडतात, कारण प्रवासात सरकलेली खोकी दाराला टेकून बसलेली असतात आणि दार उघडताच अंगावर येऊ शकतात. माल पॅलेटवर बांधून आलेला असेल तर फोर्कलिफ्ट किंवा हँडपॅलेटने काम लवकर होते. पण पुष्कळदा खोकी सुटी, छतापर्यंत रचलेली असतात. ती एकेक करून हातानेच काढावी लागतात. आत दोघे, बाहेर दोघे अशी टोळी असते. आतल्यांनी खोके काढायचे, बाहेरच्यांनी पॅलेटवर थप्पी लावायची, आडवे-उभे सांधे जुळवून, म्हणजे थप्पी कोसळत नाही. वर प्लास्टिकची फिल्म गुंडाळायची, मोजणी मिळवायची आणि पुढचा कंटेनर.

आता एक साधा हिशोब करू या. समजा, एका चाळीस फुटी कंटेनरमध्ये प्रत्येकी १५ किलोची १,२०० खोकी आहेत. म्हणजे १८,००० किलो, अर्थात अठरा टन माल. चौघांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला ३०० खोकी, साडेचार टन. असे दिवसात तीन कंटेनर आले तर एका माणसाच्या हातून साडेतेरा टन वजन जाते. तेही लोखंडी पेटीत, जिथे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त गरम होते आणि वारा फक्त एका बाजूने येतो.

मीही हातमोजे मागून घेतले. अर्ध्या तासात त्यांनी मला बाकावर बसवले आणि पाणी दिले. कोणी हसले नाही. एवढेच म्हणाले, "फादर, तुम्ही कमरेने उचलता. गुडघ्याने उचलायचे असते."

त्या अर्ध्या तासात मला आणखी एक गोष्ट कळली. हे अडाण्याचे काम नाही. कोणते खोके आधी काढले तर वरची रांग ढासळणार नाही, जड खाली व हलके वर कसे बसवायचे, ओले झालेले खोके हाताला कसे कळते, सोबत्याचा वेग कसा सांभाळायचा, हे सगळे ज्ञानच आहे. ते पुस्तकात लिहिलेले नाही, म्हणून आपण त्याला ज्ञान म्हणत नाही, इतकेच.

२. हमाल शब्दाची लाज कुठून आली?

प्राचीन ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल हा फार मोठा विचारवंत होऊन गेला. ख्रिस्तसभेच्या तत्त्वज्ञानावर त्याचा मोठा प्रभाव आहे. परंतु त्याने असेही मांडले की काही माणसे जन्मतःच इतरांची सेवा करण्यासाठी असतात आणि अंगमेहनतीत आयुष्य घालवणाऱ्याला सद्गुणाचे पूर्ण जीवन जगता येत नाही. विचार करणारे वर आणि वाहून नेणारे खाली, अशी ती मांडणी. आपल्या देशात तर हीच उतरंड जातीने अधिक घट्ट केली. विसाव्या शतकातही आपण त्यातून सुटलो नाही. 'अभ्यास केला नाहीस तर हमाली करावी लागेल' असे आपण घरोघरी मुलांना सांगतो. या एका वाक्यात आपण मुलाला दोन गोष्टी शिकवतो : श्रम ही शिक्षा आहे आणि श्रम करणारा हा नापास झालेला माणूस आहे.

पवित्र शास्त्र मात्र निराळी बाजू घेते. निर्गमच्या पाचव्या अध्यायात फारो इस्राएली मजुरांना विटांसाठी लागणारे काड देणे बंद करतो, पण विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच मागतो. आजच्या गोदामातल्या कामगाराला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. माणसे कमी करायची आणि 'टार्गेट' तेच ठेवायचे, हे त्याने पाहिलेले असते. अनुवादच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी, मग तो आपला असो वा परका, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. आणि याकोबाच्या पत्रात तर ज्यांची मजुरी अडवून ठेवली त्यांची मजुरीच ओरडते आहे, असे म्हटले आहे.

देवाने गुलामांची हाक ऐकली, इथून तारणाचा इतिहास सुरू होतो. देवपुत्राने सुताराच्या घरी हाताने काम केले. हे आपण नाताळात गाण्यातून म्हणतो, पण स्थळ पाहताना विसरतो. माझे तेच झाले.

३. कर्ता आणि कर्म

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी मानवी श्रमावर 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. पोप तेरावे लिओ यांच्या 'रेरूम नोवारूम' या १८९१ सालच्या परिपत्रकाला तेव्हा नव्वद वर्षे झाली होती. हे लिहिणारा माणूस श्रम लांबून पाहिलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात पोलंड नाझींच्या ताब्यात असताना, १९४० पासून तरुण कारोल वोयतिवा यांनी क्राकूवजवळच्या दगडाच्या खाणीत आणि नंतर रासायनिक कारखान्यात मजुरी केली होती.

त्या परिपत्रकातला मुख्य विचार आपल्या शाळेतल्या व्याकरणाने सांगता येईल. वाक्यात कर्ता असतो, कर्म असते. 'हमाल खोके उतरवतो' या वाक्यात हमाल कर्ता, खोके कर्म. गोदामाच्या वहीत कर्म मोजले जाते : किती खोकी, किती टन, किती मिनिटे. ख्रिस्तसभा म्हणते, आधी कर्त्याकडे पाहा. कामाचे मोल फक्त काय केले यावरून ठरत नाही. ते काम करणारी एक व्यक्ती आहे, विचार करणारी, प्रेम करणारी, देवाच्या प्रतिमेत घडवलेली, म्हणून त्या कामाला प्रतिष्ठा आहे. माणूस कामासाठी नाही, काम माणसासाठी आहे. तसेच भांडवल व यंत्र ही साधने आहेत. साधन कर्त्याच्या डोक्यावर बसले की क्रम उलटला.

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. 'सर्व श्रम पवित्र आहेत' असे म्हणून आपण कामगाराला त्याच्या त्रासातच ठेवून मोकळे होऊ शकतो. सिमोन वेल नावाची फ्रेंच तत्त्वज्ञानाची शिक्षिका डिसेंबर १९३४ मध्ये आपली नोकरी बाजूला ठेवून कारखान्यांत कामाला लागली. तिचा अनुभव असा होता की शरीराच्या थकव्यापेक्षा सततचा हुकूम, घाई आणि अपमान माणसाला आतून मोडतात. तो हळूहळू आपल्याला काही हक्क आहे हेच विसरतो. म्हणून श्रमाची स्तुती आणि श्रमिकाचा न्याय ही दोन वेगळी कामे नाहीत. दुसरे केले नाही तर पहिले पोकळ आहे.

४. ज्यांनी भार स्वतः उचलला

तुम्हांला कदाचित ठाऊक नसेल, पण धर्मगुरूंनीही गोदीत हमाली केली आहे. फ्रान्समध्ये १९४१ साली जाक लोव हे दोमिनिकन धर्मगुरू मार्सेय बंदरात माल उतरवणाऱ्या कामगारांत कामाला लागले. कामगारांच्या वस्तीत राहिल्याशिवाय त्यांच्याशी काय बोलायचे हेच आपल्याला कळणार नाही, असे त्यांना वाटले. पुढे अनेक 'कामगार धर्मगुरू' झाले. त्यांपैकी मिशेल फाव्हरो हे १९५१ साली बोर्दो बंदरात काम करताना अपघातात मरण पावले. १९५४ मध्ये रोमने हा प्रयोग थांबवला. काहींना तो निर्णय मानणे फार जड गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शेवटी, १९६५ मध्ये, पुन्हा परवानगी मिळाली. त्यांच्या पद्धतीबद्दल मतभेद होते. पण भार वाहणाऱ्याला उपदेश करण्याआधी त्याचा भार किती आहे ते पाहावे, ही त्यांची शिकवण टिकून राहिली.

आपल्या मुंबईतही उदाहरण आहे. गोदीलगतच्या ज्या रस्त्याला पूर्वी फ्रिअर रोड म्हणत, त्याचे नाव आज पी. डिमेलो मार्ग आहे. प्लॅसिड डिमेलो हे मंगळूरकडून आलेले, गोदी कामगारांचे पुढारी, १९५८ साली वारले. त्या काळी गोदीत रोज सकाळी माणसे उभी राहत, ज्याला निवडले त्याला काम, बाकीचे उपाशी. मत्तयच्या विसाव्या अध्यायातल्या बाजारात संध्याकाळी पाच वाजेपर्यंत उभे असलेल्या मजुरांसारखेच. हा रोजचा बेभरवसा संपवण्यासाठी १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला.

बाजारातल्या हमालांना मात्र आणखी थांबावे लागले. मस्जिद बंदर, दाणाबंदर इथे डोक्यावर पोती वाहणाऱ्यांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. या चळवळींतून महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा आला. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आला आहे. ज्या अवयवाने ओझे वाहिले, त्याचेच नाव कायद्याला मिळाले.

५. कायदा काय देतो?

गोदामात काम करणाऱ्या व गोदाम भाड्याने देणाऱ्या, दोघांनीही हे समजून घ्यावे. या कायद्याखाली सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे आहेत. मालकाची आणि कामगाराची तिथे नोंदणी होते. मालक मजुरी मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, वैद्यकीय मदत यांची सोय होते. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे काम करणाऱ्याला कायम नोकरी नसली तरी कायम आधार मिळावा, ही त्यामागची कल्पना.

प्रत्यक्षात आजच्या गोदामांत कंत्राटदारामार्फत आलेल्या अनेक मजुरांची अशी नोंदणी झालेली नसते. दुसरीकडे, माथाडीच्या नावाने काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांची उद्योजक तक्रार करतात, आणि ती नेहमीच खोटी नसते. दोन्ही अन्यायच आहेत. दुसऱ्या अन्यायाकडे बोट दाखवून पहिला अन्याय झाकू नये आणि पहिल्याचे नाव सांगून दुसरा करू नये.

वजनाबद्दलही एक गोष्ट सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायचे वजन ५५ किलोपेक्षा जास्त असेल तर ते लवकरात लवकर तेवढ्यावर आणावे. आपल्याकडे शंभर किलोची पोती पाठीवर घेतलेली माणसे अजून हयात आहेत. त्यांच्या मणक्यांना विचारा.

ज्यांची मुले हे काम करतात त्या आईवडिलांसाठी चार साधे नियम, जे मला त्या टोळीने शिकवले :

• ओझे शरीराच्या जवळ धरावे, गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी. वळायचे असेल तर पाय वळवावेत, कंबर नव्हे.

• थप्पी वरून पायरीपायरीने उतरवावी. खालचे खोके ओढू नये.

• आत काम करणारे व बाहेरचे यांनी ठरावीक वेळाने जागा बदलाव्यात. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

• आधी मजबूत बूट घ्यावेत, मोबाईल नंतर. आणि दुखणे लपवू नये. आज लपवलेले दुखणे पुढे आयुष्यभर सोबत राहते.

६. आपला हिशोब

आता आपल्याकडे वळू या. आपल्या धर्मग्रामात काहींनी जागा गोदामाला दिली आहे, काही तिथे काम करतात, आणि आपण जवळजवळ सगळेच दारात आलेले खोके घेणारे आहोत. तेव्हा हा विषय 'त्यांचा' नाही.

मी माझ्यापासून सुरुवात करतो. गेल्या वर्षी आपल्या सभागृहासाठी लाद्यांचा ट्रक आला. चार माणसांनी त्या पहिल्या मजल्यावर चढवल्या. वाराईच्या पैशांवरून मी त्यांच्याशी घासाघीस केली आणि दोनशे रुपये वाचवले. सभेत त्याबद्दल माझे कौतुकही झाले. दुपारचा डबा त्यांनी फाटकाबाहेर, उन्हात बसून खाल्ला. आत सावलीत बाक रिकामे होते. हे मला तेव्हा दिसले नाही. त्या तरुणाच्या प्रश्नानंतर दिसले.

आपल्या धर्मग्राम समितीशी बोलून आम्ही ठरवले आहे की यापुढे चर्चच्या आवारात माल उतरवायला येणाऱ्यांशी रक्कम आधीच ठरेल आणि काम संपताच हातात मिळेल. त्यांना पाणी, सावली आणि स्वच्छतागृह मिळेल. जड वस्तू एकट्याला उचलायला सांगितली जाणार नाही. हे दान नव्हे, हे देणे आहे. तसेच रात्रपाळी करून येणाऱ्या तरुणांना सकाळची मिस्सा जमत नाही असे कळले. त्यांना आळशी म्हणण्याआधी त्यांची वेळ विचारावी, हे मी शिकलो. ज्यांना रविवारी संध्याकाळची वेळ सोयीची असेल त्यांनी मला सांगावे.

आपल्यापैकी अनेकांच्या आज्या पहाटेच्या गाडीने डोक्यावर भाजीच्या, केळ्यांच्या टोपल्या घेऊन मुंबईला जात. चुंबळ डोक्यावर ठेवून त्या ताठ चालत. त्या पैशांतून आपली शिक्षणे झाली, माझेही झाले. आजीच्या डोक्यावरच्या टोपलीचा आपल्याला अभिमान वाटतो आणि नातवाच्या खांद्यावरच्या खोक्याची लाज वाटते, हे कसे?

शेवटी, मी त्या मुलीच्या घरी पुन्हा गेलो. "मागच्या वेळी मी तुम्हांला पूर्ण सांगितले नाही," असे म्हणालो. "मुलगा हमाल आहे. भिवंडीला गोदामात कंटेनर उतरवतो. कामात चोख आहे, सोबत्यांना सांभाळतो, आणि खरे बोलतो. माझ्यापेक्षा जास्त." पुढे त्या स्थळाचे काय झाले ते सांगणे माझ्याकडे नाही, ते त्या दोन घरांचे आहे. पण परत येताना माझ्या मनावरचे एक ओझे उतरले होते. आणि ते उतरवणारा तोच होता, जो दिवसभर दुसऱ्यांची ओझी उतरवतो.

कुटुंबात व लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी :

१. आपल्या घरात कोणत्या कामाचे नाव घ्यायला आपण कचरतो? का?

२. गेल्या महिन्यात आपल्या दारात ज्यांनी ओझे आणले, त्यांपैकी किती जणांना आपण पाणी विचारले?

३. आपल्या हाताखाली कोणी काम करत असेल तर त्याची नोंदणी, मजुरी आणि विश्रांती यांचा हिशोब आज संध्याकाळी तपासून पाहाल का?

वाचनासाठी : निर्गम अध्याय ५, अनुवाद अध्याय २४, मत्तय अध्याय २०, याकोब अध्याय ५.

प्रभू तुम्हां सर्वांच्या हातांना बळ देवो.

ख्रिस्तात तुमचा,
प्रमुख धर्मगुरू